आयर्लिस ऑर्गनचे नऊ महिने

६ एप्रिल २०१८ या तारखेपासून ब्रिटनमध्ये भत्त्यावर जगणाऱ्या घरमालकांना घरकर्जाच्या व्याजापोटी मिळणारे सरकारी साहाय्य हे साहाय्य राहिले नाही. ते घरावर बोजा चढवून दिलेले कर्ज झाले. कुमग्वेर्नच्या खोऱ्यात ही वार्ता तपकिरी पाकिटातून आली, आणि बेडव टेरेसच्या चौदा नंबरात ते पाकीट अकरा दिवस घड्याळामागे तसेच पडून राहिले. उघडल्यावरही आयर्लिस प्रॉसरने सही करायला चार महिने लावले. घरावर आणखी एक बोजा चढवायचा, तोही सरकारचा, हे तिच्या मनाला पटत नव्हते. त्या चार महिन्यांचे व्याज थकले ते थकलेच. पुढे जे घडले त्यात या थकबाकीचा वाटा होता, म्हणून ती येथे आधी नोंदवली आहे.

त्या वेळी आयर्लिस साठ वर्षांची होती. खोऱ्यात आडनावे मोजकी आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखला जाई. तिला कोणी मिसेस प्रॉसर म्हणत नसे; ती ‘आयर्लिस ऑर्गन’. अकराव्या वर्षी ती बेथानिया चॅपलच्या ऑर्गनवर बसली तेव्हा तिचे पाय पायपट्ट्यांपर्यंत पोहोचत नव्हते. पुढे सव्वीस वर्षे तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मोठी पातेली उचलली, आणि त्या पातेल्यांनी तिच्या कण्याचे दोन मणके खाल्ले. दहा मिनिटांवर उभे राहता येईना. बसून मात्र वीसेक मिनिटे निभत. नवरा टेग्विन दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला त्या वर्षी त्यांनी छपरासाठी आणि एकूण तग धरण्यासाठी घरावर कर्ज काढले. २०१३ मध्ये टेग्विन गेला. कर्ज राहिले, आजारभत्ता सुरू झाला आणि व्याज परस्पर सरकारकडून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाऊ लागले.

चॅपलात रविवारी आता नऊ माणसे येत. दफनाला मात्र ते भरे. ऑर्गन वाजवणाऱ्याला पाकीट द्यायचे, तेही त्याच दिवशी, हातात, चहापूर्वी, असा खोऱ्याचा रिवाज होता. खड्डा खणणारे, खांदा देणारे, ऑर्गनवाली, सगळ्यांचे चुकते व्हायचे आणि मगच हॅमची सँडविचे फिरायची. मेलेल्याच्या नावावर बाकी राहता कामा नये. आजारभत्त्याच्या कार्यालयाने आयर्लिसला अशा किरकोळ कमाईची लेखी परवानगी दिली होती, आणि ती प्रत्येक पाकिटाची तारीख, मृताचे नाव व रक्कम त्यांना पत्राने कळवत असे. त्या पत्रांच्या प्रती बिस्किटांच्या डब्यात आहेत. एकही महिना चुकलेला नाही.

जानेवारी २०१९ मध्ये तिची वैद्यकीय तपासणी झाली. तपासनीस तरुण होता, अंगात जाड स्वेटर. अहवालात लिहिले गेले की अर्जदार चाळीस मिनिटे विशेष अस्वस्थता न दाखवता बसली. आयर्लिसचे म्हणणे असे की चार लोकांसमोर कण्हायचे नाही हे तिला आईने शिकवले होते. १२ फेब्रुवारीला पत्र आले: काम करण्यास योग्य, भत्ता बंद.

वाचनालयात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी हॉपकिन बसत असे. पूर्वी तो खाणीवर युनियनचा चिटणीस होता. खाण गेली, युनियन गेली, पण लोकांचे कागद वाचण्याची सवय गेली नाही. वय चौऱ्याहत्तर. त्याने पत्र हातात घेतले आणि चष्मा कपाळावर ढकलला.

“मजकूर राहू दे, आधी तारीख बघ. पोरी, आता पळायचं.”

“माझी पाठ बघून बोलतोयस ना?”

“तपासणीचं नंतर भांडू. आधी छप्पर. आजारभत्ता बंद झाल्यापासून एक महिना धर. त्याच्या आत नव्या भत्त्याचा अर्ज पडला तर व्याज चालूच राहतं, जणू काही झालंच नाही. महिना उलटला तर नऊ महिने वाट बघायची, मग व्याज.”

“नऊ महिने? एकसष्टाव्या वर्षी?”

“बाळंतपणात शेवटी काहीतरी हातात तरी येतं,” हॉपकिन म्हणाला. “इथे शेवटी राहिलंच, तर घर तेवढं राहील.”

नव्या भत्त्याचे नाव युनिव्हर्सल क्रेडिट. त्याचा अर्ज फक्त संगणकावर होत असे. १९ फेब्रुवारीला, मुदत संपायच्या बऱ्याच आधी, हॉपकिनने एका बोटाने आणि पुष्कळ शिव्या देत तो भरला. तीन दिवसांनी आयर्लिस बसने खालच्या गावातल्या कार्यालयात गेली. समोरची मुलगी विनयशील होती. तिने विचारले, “सध्या काही काम करता का, मिसेस प्रॉसर?”

“चॅपलात ऑर्गन वाजवते. दफन असेल तेव्हा.”

“किती छान,” मुलगी म्हणाली आणि तिने काहीतरी टंकले.

व्याजाचे साहाय्य तुटले नव्हते. जुन्या भत्त्यातून नव्यात जायला पूल मिळाला होता आणि तो तिने वेळेत ओलांडला होता. परतताना तिने बसथांब्यासमोरच्या दुकानातून मटणाचे सारण भरलेल्या दोन पेस्ट्र्या घेतल्या. एक स्वतःला, एक शेजारच्या सोळा नंबरात नेस्टा गेथिनला. नेस्टाचा नवरा एम्लिन पंधरवड्यापासून अंथरुणाला होता आणि नेस्टाने स्वयंपाक सोडला होता.

एम्लिन गेथिन २७ फेब्रुवारीला वारला. दफन ६ मार्चला, बुधवारी. चॅपलात पुढच्या पाच ओळींत केवळ जुने खाणकामगार होते, आणि फुप्फुसांत धूळ असलेली ती माणसे गाऊ लागली तेव्हा प्रत्येक कडव्याच्या शेवटी आयर्लिसला श्वासाएवढे थांबावे लागले. ती मुद्दाम थांबली. कोठे थांबायचे हे तिला माहीत होते. या माणसांना तीच पन्नास वर्षे साथ करत आली होती.

नंतर मागच्या दालनात, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी, नेस्टाने पर्समधून पाकीट काढले.

“राहू दे गं, नेस्टा. एम्लिनसाठी वाजवलं मी.”

“म्हणूनच घ्यायचं.”

“अगं, चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून आहे आपली. तुझ्याकडून पैसे घेऊ?”

“माझ्याकडून नाही, त्याच्याकडून.” नेस्टाने आवाज खाली आणला. “आयर्लिस, लोक बघतायत. शेवटच्या बेननचं चुकतं झालं, खांदेकऱ्यांचं झालं, खड्डेवाल्यांचं झालं. तुझं एकटीचं राहिलं तर तो कुणाचं तरी देणं ठेवून गेला असं होईल. घे मुकाट्यानं, आणि केक खा. कोरडा झालाय, पण खा.”

‘शेवटचा’ बेनन म्हणजे अंत्यविधी करणारा. ही पदवी त्याच्या आजोबांपासून चालत आली होती. तो थाळीतले सँडविच निवडण्यात गर्क असल्याचे दाखवत दुसरीकडे बघत होता. आयर्लिसने पाकीट घेतले. आत नेहमीएवढेच तीस पौंड होते.

शुक्रवारी तिने वाचनालयातल्या संगणकावर, कार्यालयाला सगळे कळवायचे त्या भत्त्याच्या दैनंदिनीत, स्वतःच्या हाताने ओळ लिहिली: “६ मार्च. श्री. एम्लिन गेथिन यांचे दफन. ऑर्गन. तीस पौंड.” हॉपकिन पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या कोणाचे कागद पाहत होता. सोमवारी उत्तर आले: “धन्यवाद. नोंद घेतली आहे.”

२ एप्रिलच्या पत्रात लिहिले होते की संबंधित महिन्यात अर्जदाराला कमाई झाल्यामुळे घराच्या व्याजाचा हप्ता थांबवण्यात येत आहे. कमाई नसलेले सलग नऊ महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा विचार होईल.

हॉपकिनने ते दोनदा वाचले. मग नियमांचे जाड पुस्तक काढले आणि अर्धा तास त्याची पाने चाळली.

“जुन्या भत्त्यात चालत होतं,” आयर्लिस म्हणाली. “परवानगीचा कागद आहे माझ्याकडे.”

“जुन्यात चालायचं. भाड्याच्या घरात असतीस तर नव्यातही चाललं असतं. पण घर स्वतःचं आणि भत्ता नवा, तर शून्य म्हणजे शून्य. एक पौंड मिळाला तरी व्याज बंद, आणि नऊ महिने पहिल्यापासून.”

“मग तू आधी का नाही बोललास?”

हॉपकिनने पुस्तक मिटले. “मी तुझ्या लहानपणापासून तुला ऐकतोय, पोरी. माझ्या आईच्या वेळी तूच होतीस, पाकीट मीच दिलं होतं. पण त्याला कमाई म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाकीट म्हणजे पाकीट.”

ही चूक खोऱ्याबाहेरच्या सल्लागाराने कदाचित केली नसती. त्याने पहिल्याच भेटीत विचारले असते. येथे विचारण्यासारखे काही आहे असे कोणालाच वाटले नाही.

एक वाट होती. पाकीट ही मजुरी नसून शोकाच्या वेळी मैत्रिणीने दिलेली भेट आहे असे ठरले असते, तर ती कमाई धरली गेली नसती. हॉपकिनने फेरविचाराच्या अर्जासोबत नेस्टाची तीन ओळींची चिठ्ठी जोडायचे ठरवले आणि मजकूरही लिहून दिला. तो घेऊन आयर्लिस सोळा नंबरात गेली. एम्लिनची टोपी अजून खुंटीला होती. नेस्टाने कागद खिडकीशी नेऊन वाचला.

“‘भेट’,” ती म्हणाली. “म्हणजे तुला वाजवल्याचे पैसे मिळालेच नाहीत.”

“तसं नाही गं. कागदापुरतं.”

“कागदच राहतात, बाई. माणसं जातात.” ती खुर्चीत बसली. “संपाचं वर्ष आठवतं ना? चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. वर्षभर दुकानदारानं उधार दिलं. संप मोडल्यावर एम्लिननं तीन वर्षं फेडलं. दर शुक्रवारी. तंबाखू सोडली. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी दुकानदार म्हणाला, राहू दे, विसरलो मी. एम्लिन म्हणाला, मी नाही विसरलो. आणि आता मी सही करून सांगू, की त्याच्या दफनाला शेजारणीनं फुकट वाजवलं?”

“नेस्टा, माझं घर जातंय.”

नेस्टाने कागदाची घडी घालून तो परत दिला. “मी लिहीन,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी लिहीन, चांगलं लिहीन. पण माझ्या शब्दांत लिहीन.”

ती शुक्रवारी स्वतः वाचनालयात आली आणि पत्र हॉपकिनच्या हाती देऊन गेली. त्याची छायाप्रत शिल्लक आहे. अक्षर शाळेत घोटलेले, रेघेवर बसलेले. मिसेस प्रॉसर या खोऱ्यातल्या सर्वांत प्रामाणिक स्त्री आहेत. त्यांनी कधी कोणाचा पैसा बुडवला नाही. माझ्या पतीच्या दफनाला त्यांनी उत्तम वादन केले आणि त्याबद्दल त्यांना त्यांचे ठरलेले तीस पौंड त्याच दिवशी पूर्ण चुकते करण्यात आले. माझे पती कोणाचेही देणे मागे ठेवून गेलेले नाहीत. खाली सही.

“हे पाठवायचं नाही,” हॉपकिन म्हणाला. “हा गळ्याचा दोर आहे, पत्र नाही.”

“तिनं लिहिलंय.”

“लिहू दे. मी नुसता अर्ज टाकतो. भेट होती असं तू म्हणतेस एवढंच. तिला काय कळणार?”

“तिनं विचारलं, पाठवलं का, तर?”

“तर हो म्हण.”

आयर्लिस पत्र पुन्हा वाचत होती. “हॉपकिन, मी आयुष्यात चारशेच्या वर पाकिटं घेतली. प्रत्येक वाजवण्याबद्दल घेतलं. हे एकच भेट होतं, असं म्हणू? आणि तेही एम्लिनचं?”

“घर वाचत असेल तर म्हणायचं, बाई. देवानं घरं वाचवायला एवढी थाप चालवून घेतली असती.”

“देव चालवून घेईल. नेस्टा शेजारी राहते.”

अर्ज पत्रासह गेला. २१ मे रोजी तो फेटाळला गेला. निकालात नेस्टाच्या पत्रातले एक वाक्य शब्दशः उद्धृत केले आहे: ठरलेले तीस पौंड पूर्ण चुकते. न्यायाधिकरणाकडे अपील केले. सुनावणीची तारीख मिळाली ती पुढच्या फेब्रुवारीतली. तपासणीविरुद्धची तक्रार वेगळी चालली आणि वेगळी फेटाळली गेली.

भत्त्याचा महिना अर्जाच्या तारखेपासून धरला जाई, त्यामुळे पाकिटाचा महिना १८ मार्चला संपला आणि नऊ महिने १९ मार्चपासून मोजले जात होते, म्हणजे १८ डिसेंबरपर्यंत. तोवर एकही पाकीट हाताला लागता कामा नये. एप्रिलच्या अखेरीस शेवटचा बेनन टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

“गुरुवारी एक आहे, आयर्लिसबाई. वरच्या गल्लीतली म्हातारी.”

“फुकट वाजवते. चालेल?”

“मला चालेल हो. घरच्यांना चालायचं नाही. पाकीट तुम्हाला पोहोचलं नाही, तर त्यांना वाटेल मी मध्ये खाल्लं.”

म्हातारीचे दफन साथीशिवाय झाले. आयर्लिस शेवटच्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. दुसऱ्या कडव्यात स्वर खाली उतरला, तिसऱ्यात आणखी उतरला, आणि शेवटी मंडळी सुरुवातीपेक्षा दोन सूर खाली पोहोचली तेव्हा ती उठून बाहेर गेली. त्यानंतर ती दफनांना गेली नाही. खोऱ्यात बातमी पसरली आणि लोक आपल्या परीने मार्ग काढू लागले. एका घराने तीस पौंड तिच्या नावाने चॅपलच्या दुरुस्तीच्या पेटीत टाकले; तिने घाबरून हॉपकिनला विचारले की हे मोजतील का. कोणी दारात कोळशाची पिशवी ठेवली. कोणी फळांचा केक ठेवला.

“केकचं काय करू?” तिने विचारले.

“खा,” हॉपकिन म्हणाला. “पुरावा नष्ट कर.”

भत्त्याच्या महिन्याकाठी मिळणाऱ्या तीनशे सतरा पौंडांतून व्याजाचे एकशे बारा काढणे तिने एप्रिलमध्ये जमवले, मेमध्ये जमवले, जूनमध्ये अर्धे जमवले. गरम पाणी बंद केले. मग टेग्विनचे घड्याळ विकले, आणि वापरलेली वस्तू विकणे ही कमाई नव्हे ना, हे आधी लेखी विचारून घेतले. ते उत्तरही डब्यात आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेची पत्रे आधी सौम्य होती. ऑगस्टपासून त्यांत २०१८ सालच्या चार महिन्यांच्या थकबाकीचा उल्लेख येऊ लागला. १६ ऑक्टोबरला खालच्या गावातल्या न्यायालयात अकरा मिनिटे कामकाज चालले. हॉपकिनने सांगितले की डिसेंबरात व्याज पुन्हा सुरू होईल. न्यायाधीशांनी विचारले की तसे हमीपत्र आहे का. तसे हमीपत्र कोणी देत नसते. सहा आठवड्यांची मुदत मिळाली.

२७ नोव्हेंबरला आयर्लिसने चौदा नंबर सोडले. नऊ महिने पुरे व्हायला एकवीस दिवस राहिले होते. नेस्टाने तिला खोक्यांत कपबश्या बांधायला मदत केली आणि प्रत्येक बशी वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळली.

“अपिलात माझं पत्र पुन्हा लाव,” नेस्टा म्हणाली. “पहिल्यांदा त्यांनी नीट वाचलं नसेल.”

“लावते,” आयर्लिस म्हणाली.

तिला खालच्या गावात, गृहनिर्माण संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचे घर मिळाले. भाडे आठवड्याला चौऱ्याऐंशी पौंड, म्हणजे महिन्याला जुन्या व्याजाच्या तिपटीहून थोडे अधिक. ते पूर्णच्या पूर्ण त्याच भत्त्यातून मिळू लागले, आणि तेही परत न फेडण्याच्या बोलीवर. भाडेकरूला शून्याचा नियम लागू नव्हता. डिसेंबरात बेनन तेथेही आला: आता वाजवायला, पाकीट घ्यायला, काही आडकाठी नाही, असे हॉपकिनने त्याला सांगितले होते. आयर्लिसने त्याला चहा दिला आणि नाही म्हणाली. का, हे त्याने विचारले नाही. अपील तिने जानेवारीत मागे घेतले. अर्जात कारणाचा रकाना कोरा आहे.

नेस्टा गेथिन जानेवारी २०२१ मध्ये वारली. आपल्या पत्राने काय केले हे तिला शेवटपर्यंत कळले होते की नाही, याचा कोणताही पुरावा नाही; आयर्लिसने तिला सांगितले नाही आणि निकालाची प्रत दाखवली नाही, एवढे आयर्लिस स्वतः सांगते. पण निकालाची एक प्रत पत्र लिहिणाऱ्याच्या पत्त्यावरही पाठवल्याची नोंद आहे. ती सोळा नंबरात पोहोचली का, उघडली गेली का, आणि उघडली गेली असल्यास कपबश्या बांधताना नेस्टा जे बोलली ते काय जाणून बोलली, हे ठरवता येत नाही. “नोंद घेतली आहे” हे उत्तर ज्या कर्मचाऱ्याने लिहिले त्याचे नाव दैनंदिनीत नाही, आणि ते लिहिताना त्याला शून्याचा नियम माहीत होता की नाही हेही माहीत नाही.